माझा आवाज नारायणगावात राहतो

सोमवार, १३ एप्रिल

मी लिहिणारा माणूस नव्हे, बोलणारा. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही मांडवात जाऊन विचारा, परवेज निवेदक म्हटलं की लोक हातातला घास खाली ठेवतात. पण आजपासून वही धरणं भाग आहे, कारण सकाळी उठलो तर आवाज नव्हता.

बसला नव्हता. बसलेला आवाज निदान घोगरा तरी येतो. हा जागेवरच नव्हता. अम्मीला हाक मारली, ओठ हलले, जीभ हलली, पुढं काही नाही. आमच्या मातोश्री, स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा नजमुन्निसाबेगम यांना वाटलं मी थट्टा करतोय. "नाटकं पुरे, दूध आण," म्हणाल्या. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण मी शाळा मराठीत शिकलो आणि भांडतोही मराठीत, म्हणून लिहितोय मराठीत. मी बोट दाखवून दुधाची पिशवी आणली असं दुकानदारानं येऊन सांगितलं, तेव्हा कुठं अम्मीचा चेहरा उतरला.

काल मंचरला लग्न होतं. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी मांडवात आलेले सगळे चेअरमन, माजी चेअरमन आणि होऊ घातलेले चेअरमन यांची नावं माईकवरून घ्यावी लागतात. प्रत्येकाला चार विशेषणं, फेटा, नारळ. नाव राहिलं तर माणूस न जेवता जातो आणि वर्षभर यजमानाच्या दारात येत नाही. ते काम माझं. काल शेवटी यजमान कानात कुजबुजले, "पुढच्या खुर्चीतल्या भाऊंना जरा जोरात घ्या." मी घेतलं. कार्यसम्राट, दानशूर, अजातशत्रू, दीनदुबळ्यांचे कैवारी! टाळ्या कडाडल्या. मग पाहिलं, भाऊ आलेच नव्हते. खुर्चीत पाण्याचा जार होता आणि कुणीतरी त्याच्यावर फेटा ठेवला होता. जारचं स्वागत करताना घशात टक्कन काहीतरी झालं. मला वाटलं, थंड मठ्ठा बाधला.

डॉक्टरांनी आज घशात बॅटरी मारून पाहिलं. "सगळं नीट आहे," म्हणाले, "फक्त आवाज नाही. भाडेकरू सामान घेऊन गेल्यावर खोली दिसते, तसं दिसतंय." गोळ्या दिल्या. कशाच्या, ते त्यांनाही माहीत नसावं.

संध्याकाळी ज्ञानेश्वर आला. आमचे परममित्र, साऊंडसम्राट, बोरी बुद्रुकचे सुपुत्र. बारा वर्षं साऊंड त्याचा, आवाज माझा. माझ्या तोंडाकडं बघत बसला आणि म्हणाला, "परव्या, सव्वीसला मोहिनीचं लगीन हाय." मोहिनी त्याची धाकटी बहीण. शाळेत होती तेव्हापासून मला बजावत आलीय, माझ्या लग्नात दुसरा कुणी माईकला शिवला तर मी बोहल्यावरून उठेन. ती उठेलसुद्धा. लई हट्टी आहे.

मंगळवार, १४ एप्रिल

आवाज नसला की डोकं फार बोलतं.

मार्चपासूनची गोष्ट लिहून टाकतो. पुण्यातल्या एका मोठ्या इव्हेंट कंपनीनं मला बोलावलंय, एक मेपासून. एसी हॉल, कोट, मोठमोठे कार्यक्रम. साऊंड त्यांचा असतो, म्हणजे ज्ञाना नको. मी ज्ञानाला हे सांगितलं तेव्हा तो वायर गुंडाळत होता. डोकं वर न करता म्हणाला, "जा की. लई भारी. कधी निघतोस?"

एका क्षणाचाही विचार नाही! बारा वर्षांच्या दोस्तीला 'कधी निघतोस'! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हसून "बघू" म्हणालो. कंपनीच्या वैजयंती मॅडमना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आता अम्मी विचारते, तिलाही बघूच म्हणतो. म्हणजे म्हणत होतो.

बुधवार, १५ एप्रिल

सापडला! नारायणगावात!

दुपारी ज्ञानाचा फोन. "परव्या, तू ष्टँडावर काय करतोय?" मी घरात होतो. अम्मीनं फोन घेऊन सांगितलं. ज्ञाना म्हणाला, "मग गेणभाऊच्या हाटेलात कोण बोलतंय?" जीप पकडली आणि गेलो.

गेणभाऊंचं चहाचं हॉटेल स्टँडला लागून. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी, समोर कटिंग, आणि खुर्चीतून माझा आवाज येत होता. काय आवाज हो! भरदार, गोड, मांडवाच्या मागच्या खांबापर्यंत जाणारा. मी स्वतः तो असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. ग्लास आपोआप रिकामा होत होता.

"गेणभाऊ," आवाज म्हणाला, "आज चहात पाणी जास्त आहे. काल बायकोशी भांडलात वाटतं."

गेणभाऊंनी कपबशी आपटली, मग खुर्चीच्या हाताला धरून खाली बसले. "भांडलो राव," म्हणाले. "तुला कसं कळलं?" आणि डोळे पुसत पुसत दुसरा चहा टाकला. तो कडक झाला होता, मी प्यायलो.

मी खुर्चीसमोर उभा राहून छातीवर हात मारला. मी! मी तुझा मालक! आवाज अगदी अदबीनं विचारतो कसा, "माफ करा, आपण कोण?"

तोंडात मारल्यासारखं झालं. ज्ञाना तोंडावर रुमाल धरून हसत होता. हसला, हे मी लिहून ठेवतोय.

शुक्रवार, १७ एप्रिल

नारायणगाव वेडं झालंय. जो तो माझ्या आवाजाच्या मागं.

तो खरं बोलतो. नुसतं खरं. टोमॅटोच्या ढिगापाशी उभा राहून म्हणतो, "वरचे लाल आहेत, खालचे मऊ आहेत, मधले घ्या." व्यापारी मारायला धावला, पण मारणार कुणाला? संध्याकाळपर्यंत त्याचे मधले सगळे संपले आणि तोच आवाजाला नारळपाणी पाजायला लागला. साडीच्या दुकानात एका बाईला म्हणाला, "ताई, ही नको, तुम्ही यात आजारी दिसता. मघाशी परत ठेवलीत ती हिरवी घ्या." दुकानदारानं त्याच्यासाठी उशीची खुर्ची ठेवलीय. एक सासू आणि सून भांडत आल्या. पुरणपोळी कुणाची चांगली, खरं सांग! आवाज म्हणाला, "दोघींची नाही. घरात सासरेबुवांची सर्वांत चांगली होते, ते तुम्ही दोघी झोपल्यावर करून खातात." दोघी एक होऊन तरातरा घरी गेल्या.

एका चेअरमननं विचारलं, मी आलो की लोक उठून उभे का राहतात? "भीतीनं," आवाज म्हणाला. चेअरमन गेले आणि आज सकाळी पुन्हा आले. पायात साधी चप्पल, गाडी लांब लावलेली. "आता?" म्हणाले. "आता थोडी कमी," आवाज म्हणाला. खूश होऊन त्यांनी सगळ्यांना भजी सांगितली.

मीपण खाल्ली. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. बारा वर्षं ज्या लोकांना मी कार्यसम्राट केलं, ते मला म्हणतात, "पावणं, जरा सरकून बसा, आवाज ऐकू येत न्हाई."

रविवार, १९ एप्रिल

आज पकडायचं ठरवलं. युक्ती साऊंडसम्राटांची. ज्ञाना म्हणाला, "परव्या, तुझा आवाज कुठंबी जाऊ दे, माईक दिसला की त्याला राहवणार न्हाई." एका बेसच्या बॉक्समधला स्पीकर काढला, पोकळ बॉक्समध्ये कॉर्डलेस माईक ठेवला आणि टेम्पोतून बॉक्स गेणभाऊंच्या दारात उतरवला. आम्ही दोघं मागं दबा धरून बसलो. ज्ञानाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मला एकदम हसू यायला लागलं, आवाज नसताना हसलं की नुसतं पोट दुखतं.

आला! आधी दोनदा घुटमळला. मग आतून, "हॅलो. हॅलो. माईक चेक. वन टू. वन टू." ज्ञानानं झडप घातली, फळी ठोकली, मी बॉक्सवर बसलो, टेम्पो जुन्नरपर्यंत उडवत आणला. रस्त्याभर आतून चेक, चेक. लोक वळून बघत होते.

घरी अम्मीनं आधी दृष्ट काढली. फळी उचलली. मी तोंड आ करून बॉक्सवर वाकलो. आतून एकदाच "चेक" आलं आणि संपलं. आत आवाज नव्हताच, नुसता घुमारा होता. तेवढ्यात दारातून माझाच आवाज, "ज्ञानाभाऊ, बॉक्स रिकामा आहे. मी पुढं बसून आलो."

अम्मीनं त्याला सरबत विचारलं. माझ्या अम्मीनं!

ज्ञाना निघताना बघितलं, टेम्पोवर त्यानं नवीन नाव रंगवून घेतलंय. 'परवेज-ज्ञानेश्वर साऊंड'. आधी नुसतं त्याचं नाव होतं. मी पुण्याला गेल्यावर माझ्या नावावर धंदा करायचा विचार दिसतोय. वा रे मित्र! मे महिन्याच्या सुपाऱ्याही तो घेत नाहीये. मोबाइलवर लिहून विचारलं का, तर म्हणे, बघू. म्हणजे दुसऱ्या कुणाशी तरी ठरलेलं असणार.

मंगळवार, २१ एप्रिल

आज डोळ्यांनी पाहिलं. लेण्याद्रीच्या पायथ्याला रसवंतीत ज्ञाना बसला होता. समोर दोन ग्लास. एक त्याचा, एक रिकाम्या खुर्चीपुढं. खुर्ची बोलत होती आणि ज्ञाना मान खाली घालून ऐकत होता. मधेच खदाखदा हसला, मधेच उपरण्यानं डोळे पुसले. उसाचा रस कुणी डोळ्यांना लावत नाही, पण उन्हाळा आहे, घाम येतो.

मी चिंचेच्या झाडामागं उभा. स्वतःच्याच आवाजावर जळणारा माणूस जगात दुसरा असेल का? मेसेज टाकला, "मजा चाललीय." लगेच उत्तर, "हो. तू ये." गेलो नाही. का जाऊ? त्याला आवाज पाहिजे होता, मिळाला.

संध्याकाळी मोहिनी आली, हाताला मेंदीचे नमुने काढून. मला वाटलं रागावेल. म्हणाली, "परवेजदादा, आवाज आला तर ठीक, न्हाई आला तर तू नुसता माईक धरून उभा ऱ्हा." मग जाता जाता, "आमचा दादा काय धड जेवत न्हाई बघ. आई रोज ताट झाकून ठेवती." लग्नघरात कुणाचं धड जेवण होतं?

बुधवार, २२ एप्रिल

पुण्याहून वैजयंती मॅडमचा फोन. अम्मीनं स्पीकरवर लावला.

"परवेजजी, तुमचा आवाज काल आमच्याकडे येऊन गेला. सर फारच इम्प्रेस झाले. तुम्ही स्वतः नाही आलात तरी चालेल. उलट सोपं पडेल. राहायची सोय नको, कोट नको, सुट्टी नको. तुमची सही तेवढी लागेल. सव्वीसला आमची गाडी त्याला घ्यायला येते."

अम्मी मला म्हणाली, तिला विचार, हा खरं बोलतो ते माहीत आहे का? मग मला आवाज नाही हे आठवून तिनंच विचारलं. मॅडम हसल्या. "ती सवय सोडायला सांगितलीय. लगेच तयार झाला. फार हुशार आहे."

फोन ठेवून अम्मी माझ्याकडं वळली. म्हणाली, "आणि तू? तुला जायचंय का नाही?" मी खांदे उडवले. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागली.

शुक्रवार, २४ एप्रिल

ज्ञाना आला. चपला काढल्या नाहीत, दारातच उभा. मी मोबाइलवर टाइप केलं, 'तुला माझी गरज उरली नसेल तर स्पष्ट सांग.' त्यानं वाचलं, मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"टाइप करू नको," म्हणाला. "तुझ्या आवाजानं मला समदं सांगितलंय. मार्चपासून तुझ्या पोटात काय हाय, ते पार."

माझ्या कानांतून वाफ निघाली. विश्वासघातकी! मी हातवारे केले, मग? मग काय?

"मग काय न्हाई. मी ते ऐकलंच न्हाई असं धरणार. तुझा आवाज लई गोड हाय परव्या, पण बारा वर्सं मी त्याला मिक्सरवरून ऐकतोय. तो कायबी सांगतो. जारलाबी कार्यसम्राट म्हणतो." त्यानं चौकटीला पाठ टेकली. "तुला काय सांगायचं ते तू सांग. मी थांबतो."

मी तोंड उघडलं. छातीपासून जोर लावला. काही नाही. ज्ञाना खरंच थांबला. अम्मीचा कुकर तीन वेळा वाजला तरी थांबला. मग, "परवा ये," म्हणून गेला, आणि माझा मोबाइल घेऊन गेला.

मला भीती वाटतेय. आवाज गेला तेव्हाही एवढी वाटली नव्हती. हा गेला तर?

रविवार, २६ एप्रिल

बोरीहून आताच आलो. घाईत लिहितोय, अक्षर बघू नये.

मांडव भरला होता. लंकाबाई, ज्ञानाची आई, दारात मला बघून म्हणाली, "आलास? बास झालं." मला फेटा बांधला. ज्ञाना मंचाच्या बाजूला मिक्सरपाशी उभा होता, माझ्याकडं न बघता. मी माईक हातात घेतला, कारण मोहिनीनं धरायला सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत.

इतक्यात पांढरी लांबलचक गाडी आली. दार आपोआप उघडलं, एसीची गार झुळूक मंचावर चढली आणि माझ्या कानापाशी माझाच आवाज आला, पण आता जरा तुपकट झालेला.

"परवेजभाई, अक्षतांपर्यंत मी थांबू शकतो. तुम्ही नुसतं तोंड हलवा, बोलतो मी. कुणाला काही कळणार नाही. मोहिनीचं मन राहील, तुमचं नाव राहील."

खरं सांगतो, मला रडू येईल इतका आनंद झाला. मी मान हलवली आणि सुरू झालो. तोंड माझं, आवाज त्याचा, कुठं सांधा दिसत नव्हता! कार्यसम्राट झाले, आधारस्तंभ झाले, युवकांचे प्रेरणास्थान झाले. मांडव डोलत होता. मोहिनी आंतरपाटाआडून मान काढून हसली. मी बारा वर्षांत असा बोललो नव्हतो.

मग आवाज म्हणाला, "आणि आता वधूचे बंधू, साऊंडसम्राट, मैत्रीचा मानबिंदू, ज्यांच्या दिलदारीला तोड नाही असे..."

मी ज्ञानाकडं पाहिलं. सगळा मांडव मंचाकडं बघत होता, तो एकटा मिक्सरकडं बघत होता. त्याचा चेहरा अगदी दमलेला होता. असा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता, किंवा बघितला असेल तर पुढचं नाव घ्यायच्या घाईत असेन.

मी तोंड मिटलं.

आवाज पुढं "ज्ञानेश्वररावजी" म्हणालासुद्धा, माझे ओठ बंद असताना. पहिल्या रांगेतल्या बाया किंचाळल्या. एक माजी सरपंच खुर्चीवरून पडले. आवाज कानात खेकसला, "हलवा! तोंड हलवा!" मी नाही हलवलं. मी उघडलं, आणि पोटातून, कुठून कोण जाणे, एक पातळ, चिरका, फाटका आवाज आला. लहान पोरगं रडून झाल्यावर बोलतं, तसा.

"ज्ञाना."

त्याची मान झटक्यात वर झाली.

"तू जा का म्हणलास?" मी म्हणालो. "मला न्हाई जायचं."

मंगलाष्टकांची वही धरून उभे असलेले गुरुजीसुद्धा पुढं वाकून ऐकायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत न्हाई!" ज्ञानानं मिक्सरवर माझ्या माईकचं बटण हळूहळू वर सरकवलं. पार वर.

"परत बोल," म्हणाला. "पंगतीपर्यंत जाऊ दे."

"मला न्हाई जायचं!" मी ओरडलो. सहा बॉक्स दणाणले. आचारी कढई सोडून बाहेर आले. "पुण्याला न्हाई, कुठंच न्हाई. तू एकदा थांब म्हणला असतास तर काय बिघडत व्हतं? मला लई वाईट वाटलं ज्ञाना. अजून वाटतंय."

ज्ञानानं स्वतःच्या टेस्टिंगचा छोटा माईक उचलला. त्याला माईकवर बोलता येत नाही, कधी बोललेला नाही. "मी थांब म्हणलो असतो," तो अडखळत म्हणाला, "तर तू थांबला असतास. मग जन्मभर माझ्यामुळं थांबला असं झालं असतं. म्हणून म्हणलो न्हाई. मार्चपासून मला झोप न्हाई, परव्या. मे महिना कुणालाच दिला न्हाई मी. तुझ्याबिगर करायचं काय?"

गुरुजी ओरडले, "मुहूर्त टळतोय! भांडण नंतर!" मोहिनी आंतरपाटाआडून दुप्पट ओरडली, "टळू द्या! दादा, जा ना तिकडं!"

ज्ञाना वायरी ओलांडत आला, एका वायरीत अडकला, पडता पडता माझ्या अंगावरच आला. मांडवानं टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते विशेषण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लंकाबाई खाली बसून पदरात हुंदके देत होती आणि देता देता हसत होती. आवाज माझ्या कानाशी अजून काहीतरी म्हणत होता, सही, करार, उशीर, मग तोही कंटाळला. गाडीचं दार लागलं आणि माझा तो सुंदर आवाज पुण्याला निघून गेला. मी त्याला हात केला नाही. माझे दोन्ही हात ज्ञानाच्या गळ्यात होते.